परिपाठ संपल्यावर सुरू होणारं नागरिकशास्त्र

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी गेलात तर परिपाठ ठरलेला असतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. तिसरीतली पोट्टी ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ एका दमात म्हणतात. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. पण मधल्या सुट्टीत हातपंपावर त्याच पोट्ट्यांपैकी कोणी दुसऱ्याला म्हणतो, “तू मागून घे बे, आधी आमाले पिऊ दे.” ज्याला म्हटलं तो मुकाट्याने मागे सरकतो. कोणाला मागे सरकायचं असतं हे त्याला आधीपासूनच ठाऊक असतं.

हे पाहून ‘पाठांतराचा काही उपयोग नाही’ असं म्हणणं सोपं आहे. तसं मला म्हणायचं नाही. पाठ झालेले शब्द पुढे आयुष्यात कधीतरी उपयोगी पडतात. मात्र सहा ते दहा वर्षांच्या मुलाचं वागणं त्या शब्दांतून घडत नाही. ते कशातून घडतं, याबद्दल बरंच संशोधन झालेलं आहे आणि ते समजायला अवघडही नाही. आपल्या दोनशिक्षकी शाळेत त्याचं काय करता येईल, ते इथे मांडतो.

सुरुवात प्रतिज्ञेपासूनच करू. मूळ तेलुगूत पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ साली लिहिलेल्या या प्रतिज्ञेत एक वाक्य आहे: मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन. या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे घरी, शेजारी, देवळात, सगळीकडे शिकवला जातो. आजोबा आले की उठून उभं राहायचं, गुरुजींना ‘हो जी’ म्हणायचं, पाहुण्यांच्या पाया पडायचं. हे चांगलंच आहे. दुसरा अर्धा भाग, म्हणजे ज्याच्या पाया पडायचे नसतात त्याच्याशी कसं वागायचं, तो मात्र कुणीच शिकवत नाही. बरोबरीच्याशी, लहानाशी, गरिबाशी, दुसऱ्या वस्तीतल्याशी कसं वागावं, हे मूल मोठ्यांकडे बघून उचलतं. नागरिकशास्त्र खरं तर त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं आहे.

नियम दोन जातीचे असतात

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इलियट टुरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना अगदी साधे प्रश्न विचारले. गणवेश न घालता शाळेत येणं चूक आहे का? मुलं म्हणाली, हो. बाईंनी सांगितलं की आजपासून चालेल, तर? मग चालेल. आता दुसरा प्रश्न. एखाद्याला ढकलून पाडणं चूक आहे का? हो. बाईंनी सांगितलं की चालेल, तर? इथे बहुतेक मुलं अडतात. तरीही चूकच, त्याला लागतं ना, असं म्हणतात. चार-पाच वर्षांच्या मुलांनाही हा फरक कळतो. काही नियम माणसांनी सोयीसाठी ठरवलेले असतात आणि ते बदलता येतात. काही गोष्टी मात्र कुणीही परवानगी दिली तरी चूकच राहतात, कारण त्यात दुसऱ्याला इजा होते किंवा त्याच्यावर अन्याय होतो.

म्हणजे पहिलीत येणारं मूल कोरी पाटी नसतं. न्यायाची समज घेऊनच ते येतं. मग हातपंपावर असं का होतं?

माझ्या मते याचं उत्तर आपल्या गावांच्या रचनेत आहे. घरी मुलाला ‘देवघरात चप्पल घालून जायचं नाही’ हे ज्या सुरात सांगितलं जातं, अगदी त्याच सुरात ‘त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही’ हेही सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी रीत म्हणून येतात. पहिलीत कुणाचं काही बिघडत नाही, दुसरीत एका माणसाचा अपमान आहे. पण सूर एकच असल्यामुळे मुलाच्या मनात दोन्ही एकाच खुंटीला टांगल्या जातात. शाळेचं काम त्या सोडवून वेगळ्या करण्याचं आहे. आणि हे व्याख्यान देऊन होत नाही, एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून होतं: यात कोणाला लागतं का? कोणाचं काही हिरावलं जातं का?

हा प्रश्न कुठल्याही धड्यात घालता येतो. ‘रस्त्याच्या डावीकडून चाला’ याला विचारा. ‘पोरींनीच वर्ग झाडायचा’ याला विचारा. ‘तांड्यावरच्या पोरांनी मागच्या पट्टीवर बसायचं’ याला विचारा. हे शेवटचं कुणी ठरवलेलं नसतं, नुसतं होत आलेलं असतं, म्हणून त्याला तर जरूर विचारा. चौथीतली मुलं चटकन उत्तर देतात. कधी कधी ते उत्तर शिक्षकालाच जड जातं.

मग याच मुलांना आपल्याच मातीतला इतिहास सांगता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुल्या करवल्या. पुढे तेच संविधान सभेत बसले. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता कायमची रद्द केली. २६ जानेवारी १९५० पासून ते देशभर लागू आहे. विहीर आणि कलम १७ एकत्र सांगितलं की मुलाला कळतं, संविधान दिल्लीच्या कपाटात ठेवलेली वस्तू नाही, आपल्या गावच्या पाण्याशी त्याचा संबंध आहे. आणि हातपंपावर मागे सरकणाऱ्यालाही कळतं की मागे सरकण्याची त्याला काही गरज नाही. हे दुसरं कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

भांडण हाच तास

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक समजुतीवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी ते मुलांबरोबर जमिनीवर बसून कंचे खेळले आणि विचारत राहिले: हा नियम कोणी केला? बदलता येईल का? लहान मुलांना वाटत होतं की नियम मोठ्यांनी किंवा देवाने केलेत, ते बदलायचेच नसतात. दहाएक वर्षांची मुलं मात्र म्हणत होती की सगळ्यांचं एकमत झालं तर बदलू. पियाजेंचा निष्कर्ष असा की ही मोठी समज मोठ्यांच्या उपदेशातून येत नाही. बरोबरीची मुलं एकमेकांत खेळतात, भांडतात, तडजोड करतात, त्यातून ती येते.

त्यांची दुसरी एक गोष्ट आपल्या वर्गात आजही विचारून बघता येते. एका मुलाच्या हातून नकळत दरवाजा लागून पंधरा कप फुटले. दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा काढताना एकच कप फुटला. जास्त चूक कोणाची? लहान मुलं कप मोजतात, थोडी मोठी मुलं हेतू बघतात. पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘त्याने मुद्दाम नाही केलं’ हे सहज पटत नाही, त्यामागे हे कारण आहे. त्याला हट्टी समजू नये, त्याची समज अजून तिथे पोचायची आहे.

याचा शाळेतला अर्थ सरळ आहे. कबड्डीत वाद झाला की गुरुजी धावत जाऊन निकाल देतात, दोघांना एकेक चापट आणि ‘सॉरी म्हण’. वाद मिटतो आणि शिकण्याची संधीही जाते. त्याऐवजी दहा मिनिटं खर्च करून दोघांना समोरासमोर बसवावं. काय झालं ते आधी एकाने सांगायचं, मग दुसऱ्याने, मध्ये बोलायचं नाही. मग तुला काय वाटलं, त्याला काय वाटलं असेल, आणि आता काय करायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पेन्सिल तोडली असेल तर टोक काढून द्यायचं. खेळातून हाकललं असेल तर उद्याच्या खेळात पहिला गडी म्हणून त्याला घ्यायचं. सक्तीचं ‘सॉरी’ मुलं सराईतपणे म्हणतात आणि पुन्हा तेच करतात. भरपाई करावी लागली की झालेलं नुकसान डोळ्यांसमोर येतं.

चापटीबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, १ एप्रिल २०१० पासून. कायदा बाजूला ठेवला तरी, मोठा लहानाला मारू शकतो हे ज्या वर्गात रोज दिसतं, तिथे ‘लहानांना मारू नका’ हा सुविचार फळ्यावर लिहून उपयोग काय?

खिचडीची पंगत

प्राथमिक शाळेतला नागरिकशास्त्राचा सगळ्यात मोठा तास वेळापत्रकात दिसत नाही. तो जेवणाचा असतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. एप्रिल २००४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावं. पोट भरणं हा हेतू आहेच. पण कोणाच्या हातचं खायचं हा हजारो वर्षांचा प्रश्न रोज दुपारी एका पंगतीत सुटावा, अशी ताकद त्या आदेशात आहे.

ही ताकद वापरायची की नाही हे शाळेवर आहे. मुलं मोकळी सोडली की आपापल्या पुऱ्यातल्या, आपापल्या तांड्यातल्या मुलांजवळ बसतात. त्यात दुष्टपणा नसतो, ओळख असते. म्हणून पंगतीच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात. वाढण्याची पाळी हजेरीपटाप्रमाणे यावी, मुलगा-मुलगी असा भेद न करता. ताटं घासण्याची पाळीही तशीच. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मुलांनी मावशी किंवा काकू म्हणावं, ‘खिचडीवाली’ म्हणू नये, आणि शिक्षकांनीही म्हणू नये. आठवड्यातून निदान एकदा गुरुजी आणि मॅडमनी त्याच पंगतीत बसून तीच खिचडी खावी. याला एक पैसा लागत नाही, आणि याच्या तोडीचा दुसरा उपक्रम मला माहीत नाही.

झाडूचंही तेच. “आमच्या पोराच्या हातात झाडू कायले देता?” असं म्हणत पालक कधी कधी शाळेत येतात. पाळी सगळ्यांची असेल, अगदी मुख्याध्यापकांचीही असेल, तर बोलायला जागाच उरत नाही. काही मुलांनीच झाडायचं असेल, तर तो पालक बरोबर आहे.

तुझ्यावाचून माझं अडतं

नुसतं शेजारी बसवलं की मैत्री होते, असं नाही. हे अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात दिसलं. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि तणाव वाढला. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी पाचवीच्या वर्गांत एक युक्ती केली. मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले. धड्याचे तेवढेच तुकडे केले. प्रत्येकाला एकच तुकडा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे ज्याला कालपर्यंत चिडवत होते, त्याच्याकडचा तुकडा मिळाल्याशिवाय धडा पूर्ण होईना. आठवड्याभरात चिडवणं कमी होऊन ‘नीट सांग, मी ऐकतो’ सुरू झालं.

आपल्याकडे हे असं करता येईल. गाडगेबाबांचं चरित्र घ्या. शेंडगावचा १८७६ मधला जन्म आणि डेबूजी हे नाव एकाकडे. मामाच्या गावी दापुऱ्याला गेलेलं गुराखीपण दुसरीकडे. १९०५ साली घर सोडणं तिसऱ्याकडे. खराटा, फुटकं गाडगं आणि लोकांना प्रश्न विचारत केलेलं कीर्तन चौथीकडे. धर्मशाळा आणि १९५६ मधला वलगावजवळचा शेवट पाचव्याकडे. जो वाचण्यात मागे आहे त्याला त्याचा तुकडा शिक्षकांनी आधी दोनदा वाचून घ्यायला मदत करावी, नाहीतर गटात त्याचाच राग केला जातो आणि सगळं उलटं होतं. एकाच खोलीत तिसरी-चौथी बसत असेल तर ते फायद्याचंच, मोठी मुलं लहानांना तयार करतात.

राज्यात ‘मूल्यवर्धन’ नावाचा कार्यक्रम आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने तो २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांपासून सुरू केला. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्यं जोडीने आणि गटाने करायच्या उपक्रमांतून रुजवणं, हाच त्याचा गाभा. पुस्तिका शाळेत आल्या असतील तर कपाटातून बाहेर काढाव्यात.

दया आणि मान यांत अंतर आहे

आता एक नाजूक गोष्ट. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या कितीतरी वर्गांत असं मूल असतं ज्याच्या बापाने कर्जापायी जीव दिला. त्याला मदत करायला लोक येतात, वह्या देतात, दप्तर देतात. मन चांगलं असतं. पण मग त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करतात, त्याच्या बापाचं काय झालं ते माइकवर सांगतात आणि फोटो काढतात. उद्देशिकेत बंधुतेच्या ओळीत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आहेत, ते याच मुलासाठी आहेत. वह्या त्याच्या घरी द्या, किंवा सगळ्या वर्गाला द्या. शाळेने देणगीदाराला तसं नम्रपणे सांगावं. देणगी गेली तरी चालेल, असं मी विचारपूर्वक म्हणतो आहे.

पारधी बेड्यावरचं मूल वर्गात असेल आणि कोणाचा पाच रुपयांचा पेन हरवला, तर सगळ्यांच्या माना कुठे वळतात ते बघा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली त्यांच्यावरचा तो शिक्का अधिकृतपणे काढला, माना मात्र अजून वळतात. अशा वेळी शिक्षकांनी आधी एकट्याचं दप्तर तपासलं की वर्गाने आयुष्यभराचा धडा घेतला म्हणून समजा. पेन सगळ्यांनी मिळून शोधायचा. नाही सापडला तर शाळेच्या डब्यातून एक द्यायचा.

मेळघाटातलं कोरकू मूल किंवा गडचिरोलीतलं माडिया, गोंड मूल वर्गात गप्प बसतं आणि ‘ढ’ ठरतं. कोरकू, गोंडी आणि मराठी या तीन अगदी वेगळ्या भाषाकुळांतल्या भाषा आहेत, कोकणी-मराठीसारखा हा मामला नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असं संविधानाचं ३५०-क हे कलम सांगतं. ती सोय पूर्ण होईपर्यंत एक करता येतं: त्या मुलाने बाकीच्यांना रोज दोन शब्द शिकवायचे, आणि फळ्यावर ते त्याच्या नावाने लिहायचे. सहा महिने गप्प बसलेलं मूल त्या दिवशी मास्तर होतं. कापूस वेचणीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेलं मूल परत येतं, तेव्हा त्याची जागा, त्याचं नाव हजेरीत आणि पंगतीतली पाळी तशीच ठेवलेली असावी.

मतदान कशावर, कशावर नाही

बहुतेक शाळांत मंत्रिमंडळ असतं. निवडणूक होते, शपथविधी होतो, आणि नंतर मंत्र्यांना खडू आणायला पाठवतात. त्यापेक्षा मंत्री कमी असले तरी चालतील, निर्णय खरे हवेत. शनिवारी कोणता खेळ, पाण्याची टाकी कुठे ठेवायची, वाचनालयाची पुस्तकं घरी किती दिवस न्यायची. चिठ्ठ्या टाकून मत द्यायचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रं. आणि हरलेल्यांचं म्हणणंही वहीत लिहून ठेवायचं, कारण पुढच्या महिन्यात ते बरोबर ठरू शकतं.

आता टुरिएल यांच्या दोन जातीच्या नियमांकडे परत येऊ. एक दिवस मुलांपुढे हा प्रस्ताव ठेवावा: वर्गातल्या एका मुलाने आपल्यात खेळू नये, असं सगळ्यांनी मत दिलं तर? तीसपैकी एकोणतीस मतं पडली तर तो नियम होईल का? मुलं गोंधळतात, मोठ्याने वाद घालतात. घालू द्यावा. बहुमताने खेळ ठरतो, पण एखाद्याने माणूस म्हणून आपल्यात असावं की नाही, हे बहुमताने ठरत नाही. मूलभूत हक्क म्हणजे नेमकं हेच, आणि ते नवव्या वर्षी कळू शकतं. ज्याला नवव्या वर्षी हे कळलं, तो पुढे ग्रामसभेत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचा विषय निघाला तर उठून उभा राहील अशी मला आशा आहे.

“पोट्टं आधी वाचू तर द्या, मग हे शिकवा,” असं आया म्हणतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. पण वर सांगितलेल्यापैकी जवळजवळ काहीच वाचनाच्या वेळातून कापून घ्यावं लागत नाही. पंगत होणारच आहे, झाडणं होणारच आहे, भांडण तर होणारच आहे, आणि गाडगेबाबांचं चरित्र वाचणं हे वाचणंच आहे. शिवाय ज्याला वर्गात कोणी हसत नाही तोच चुकत चुकत मोठ्याने वाचायला धजतो.

यश मोजायचं कसं? लेखी परीक्षा घेऊ नये, मुलं अपेक्षित उत्तरं लिहितील. कबड्डीचे गडी निवडताना शेवटी कोण उरतं ते जूनमध्ये बघून ठेवावं आणि फेब्रुवारीत पुन्हा बघावं. नेहमी तेच नाव उरत असेल तर काम बाकी आहे. आणि हे बघण्याचा अधिकार एकट्या शिक्षकांचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या पुढच्या बैठकीची वेळ दुपारच्या जेवणाची ठेवावी. आधी पंगतीत बसून मुलांबरोबर जेवावं, कोण कुठे बसलं, वाढलं कोणी, ताटं कोणी घासली ते बघावं, आणि मग रजिस्टर उघडावं.